उभा न राहणारा पलंग

मला पाहायला आले तेव्हा मामाजींनी मला पाहिलंच नाही. मी चहाचे कप घेऊन समोर उभी, मान खाली, आणि माझे होणारे सासरे आमच्या दाराच्या चौकटीला कान लावून तिच्यावर बोटांनी टकटक करताहेत. माझ्या वडिलांना काही कळेना. त्यांनी विचारलं, "काही हरवलं का?"

"नाही. ही आडजात हाय. साग म्हणून कोणं गळ्यात मारली तुमच्या?"

झालं! वडिलांनी ती चौकट दारव्ह्याहून बैलबंडीत घालून आणली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने दाखवायचे. ते इतके भडकले की हे स्थळ नको म्हणून हटूनच बसले. शेवटी आईने समजावलं, "पोरगा चांगला हाय, नोकरीवर हाय. बुढ्याचं काय घेऊन बसले? पोरीले का बुढ्याबरोबर राहा लागते?"

आई चुकली. मला बुढ्याबरोबरच राहावं लागलं. नवरा यवतमाळला एका कचेरीत चपराशी. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीने जायचा. बाकीचा आठवडा घरात आम्ही तिघं: मी, सासूबाई आणि मामाजी. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आणि चौथं म्हणजे लाकूड. खरं तर लाकूडच पहिलं, कारण घरात शिरताना आधी ते आडवं यायचं.

आमचं गाव बोरी अरबपासून दोन कोसांवर. मामाजी रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते. रुळाखालच्या लाकडी ओंडक्यांना ते शिलपाट म्हणत. जुना शिलपाट निघाला की मुकादमाची परवानगी काढून घरी आणायचे. माझ्या लग्नाला चार दिवस झाले नव्हते तर म्हणाले, "सूनबाई, जराशी संगं चाल." मला वाटलं, देवदर्शन आता आपल्यात राहिलं नाही, पण कुठे पाहुणपणाला नेत असतील. नेलं लाइनीवर. येताना शिलपाटाचं एक टोक त्यांच्या खांद्यावर, दुसरं माझ्या डोक्यावर. लग्नातलं पांढरं लुगडं डांबराने काळं झालं. बायका दारात येऊन पाहायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मी मनात त्यांना नाही नाही ते बोलले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

प्रत्येक लाकडाला ते कुठून आलं त्यावरून नाव असायचं. कापसाच्या जिनिंगमधली मोडकी तुळई म्हणजे 'जिनिंग'. शाळेचं कपाट वाळवीने अर्धं खाल्लं, उरलेलं अर्धं म्हणजे 'शाळा'. नाल्यावरचा लाकडी पूल काढून सिमेंटचा केला, त्याच्या फळ्या म्हणजे 'पूल'. सकाळी मला हुकूम व्हायचा, "सूनबाई, शाळा थोडी सरकव व, पुलाले ऊन लागून नाही राह्यलं." पहिल्या दिवशी हे ऐकून मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "मायाकडे काय पाहतं? म्या तीस वर्सं आयकून राह्यली."

एकदा आत्याबाईंनी पावसाळ्यात ओल्या काड्यांना वैतागून 'पुला'चा एक तुकडा चुलीत सारला. मामाजी जेवायला बसले, भाकरीचा घास तोंडात घातला, थांबले, आणि चुलीकडे पाहिलं.

"आज भाकरीले पुलाची चव हाय."

"मंग जा की पुलावरून पल्याड!" आत्याबाई म्हणाल्या.

तीन दिवस दोघांत बोलणं बंद होतं. निरोप माझ्यामार्फत चालायचे. मीठ जास्त झालं हेसुद्धा मलाच जाऊन सांगावं लागायचं, आणि दोघं बसलेले असायचे एकमेकांसमोर.

सुतारकाम ते कोणाच्या घरी शिकले नव्हते. आपल्याला शिकवणार कोण? नाल्यावरच्या त्याच पुलाच्या पहिल्या बांधकामावर मजूर असताना एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या मागे उभं राहून नुसतं पाहिलं होतं. त्या मिस्त्रीची एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर पाळली: लाकडात खिळा मारायचा नाही. एका लाकडात चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्याचं टोक त्यात ठोकून बसवायचं, आणि वरून लाकडाचीच खुंटी. "खिया ठोकते तो घाईतला माणूस," असं ते म्हणायचे. जुन्या लाकडातून उपटलेले खिळे एका डब्यात ठेवायचे आणि गावात ज्याला लागतील त्याला फुकट वाटायचे. घाई दुसऱ्यांनी करावी, त्याला त्यांची ना नव्हती.

आणखी एक खोड होती. लाकूड कुठूनही आणोत, ज्याचं असेल त्याची चिठ्ठी आणल्याशिवाय ते घरात घेत नसत. मोडकं कपाट शाळेच्या मागे उकिरड्यावर पडलेलं, तरी हेडमास्तरांची चिठ्ठी. जिनिंगच्या दिवाणजीची चिठ्ठी. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सातवी पास सून आल्यावर आधी साऱ्या चिठ्ठ्या माझ्याकडून वाचून घेतल्या. मी हसले. म्हटलं, "मामाजी, कचऱ्याची कायले चिठ्ठी?"

"बाई, आपल्या खांद्यावर साग दिसला की लोकाईले चोरी दिसते."

मी पुन्हा हसले नाही.

तर माझ्या लग्नाच्या वर्षी या लाकडांचा पलंग व्हायला लागला. गावात पलंग दोनच घरी होते आणि ती दोन्ही घरं कोणती ते सांगायला नको. आमच्या वस्तीत बाज, नाहीतर जमीन. विहिरीवर बायकांनी माझा पिच्छा पुरवला. "मजा हाय व तुही! सासरा सुनेसाठी पलंग करून राह्यला!" मी लाजायची, पण आतून सुखावायची. शनिवारी नवऱ्याला सांगितलं. तोही खूश. मामाजी बाहेर गेलेले पाहून त्याने पलंगाची रुंदी वितीने मोजली आणि म्हणाला, "दोघं आरामात मावतो." बरोबर होतं, दोघं मावली असती.

पण पाय बसले तेव्हा मला शंका आली. एवढा उंच पलंग मी जन्मात पाहिला नव्हता. मी उंच बाई, तरी मला उडी मारून बसावं लागलं असतं. आणि वजन! दोन शिलपाट चिरून चार पाय, जिनिंगच्या तुळईच्या बाजू, वर पुलाच्या जाड फळ्या. एका कोपऱ्याला धरून मी हलवायला गेले तर माझीच कंबर हलली.

"मामाजी, इतका उंच कायले केला? अन् इतका भारी? झाडलोट कराले कसं सरकवू?"

"सरकवायचाच नाही. अन् तुले कायले चढा लागते त्याच्यावर?"

"मंग कोणासाठी हाय?"

"तुह्या आत्याबाईसाठी."

माझं डोकंच फिरलं. नवी सून आहोत, तोंड आवरावं, काही सुचलं नाही. म्हटलं, "वा! नव्या जोडप्याले चटई अन् बुढीले पलंग! गावभर माही शोभा झाली तेव्हा काहून नाही सांगतलं?"

मामाजींनी रंधा खाली ठेवला. मला वाटलं, आता माहेरी पाठवतात. पण ते जमिनीवर बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"बाई, तुहा नवरा तीन दिवसाचा होता. थंडीचे दिवस. तुह्या सासूले म्या दाराशी बाज टाकून देली, उन्हात झोपली होती लेकराले घेऊन. गावातून मोठे पाटील निघाले. आता जे हायेत त्याईचे वडील. तवा रीत होती, असा मोठा माणूस वाटेनं दिसला की बाजेवरून उठा लागे. नुसतं उठून भागत नव्हतं. बाज उचलून भिताडाले उभी करा लागे, म्हणजे त्याईले दिसावं की कोणी बसलं नव्हतं. ती उठली. तीन दिवसाची बाळंतीण. पायातून रगत वाहून राह्यलं, अन् लेकरू छातीशी धरून उभी."

मी विचारलं, "अन् बाज?"

"बाज म्याच उभी केली. याच हातानं."

मी माझ्या सासऱ्याला कधी रडताना पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही. पण मी रडले. पुढे ते म्हणाले, "छप्पन साली आमी दोघं नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो. गावकी सोडली, गावाची वेठ बंद केली. आता कोणी उठ म्हणत नाही. पण तुही सासू अजून उठते. वाटेवर जोड्याचा आवाज आला की हिचं अंगच उठते. मन बदललं तिचं, गुडघे जुनेच हाय. म्हणून पलंग भारी केला, कोणालेच उभा नाही करता येणार. अन् उंच केला, म्हणजे पाय जमिनीले टेकणार नाही. पाय टेकले की माणूस उठते."

मी डोळे पुसले आणि पटाशी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "अजून एक बोट उंच करता येते का?"

उशाकडची पाटी सगळ्यात शेवटी बसली. ती म्हणजे चावडीचा जुना दरवाजा. ग्रामपंचायतीने चावडीला नवा दरवाजा केला आणि जुना मागे टाकून दिला, तेव्हा सरपंचाची चिठ्ठी घेऊन मामाजी तो पाठीवर घालून घेऊन आले. "याच्या बाहीर म्या अर्धा जन्म उभा राह्यलो. आता हे उभं राहीन, आमी झोपू."

पलंग पूर्ण झाल्यावर आठव्या दिवशी दारात नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा गार्ड. गावातून कोणीतरी अर्ज केला होता की या घरात जंगलातला चोरीचा साग आहे. बरोबर दोन माणसं आणि दोरखंड. आत्याबाई भिंतीला चिकटल्या. वस्ती दारात गोळा झाली. मामाजींनी मात्र जावई आल्यासारखं स्वागत केलं.

"या साहेब. सूनबाई, चिठ्ठ्या आण."

मी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि मामाजी एकेक लाकूड दाखवायचे. "हे रेल्वेचे पाय. हे पाहा रुळाच्या खिळ्याची भोकं, खुंट्या मारून बुजवली. ही जिनिंग. नाक लावून पाहा, अजून सरकीचा वास येते." नाकेदाराने खरंच वाकून नाक लावलं. मागच्या बायका खिदळल्या. शेवटी एका फळीवर गाडी अडली. तिची चिठ्ठी नव्हती.

"ही कुठून आणली?"

"पुरात वाहून आली. चिठ्ठी नदीले मांगा साहेब."

सगळी वस्ती हसली. नाकेदार चिडला. म्हणाला, संशयाचा माल आहे, जप्त करतो. त्याने माणसांना खूण केली. दोघांनी पलंगाला हात घातला. पलंग हलला नाही. नाकेदाराने स्वतः हात लावला. तिघांनी मिळून जोर केला, चेहरे लाल झाले, पलंग तसूभर सरकला नाही. वस्तीतला एकही माणूस पुढे होईना. मामाजी एकदम प्रेमाने म्हणाले, "दमले असान. बसा जराशे त्याच्यावर."

आणि तो बसला! उडी मारून बसला, पाय लोंबकळत. तिथे बसूनच त्याने मी दिलेला चहा प्याला, साऱ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या आणि जाताना मला म्हणाला, "बाई, अक्षर चांगलं आहे कोणाकोणाचं. पण पलंग जबर आहे." त्या दिवसापासून आमच्या घरी कोणी चौकशीला आलं नाही.

पुढे त्यांनी पुष्कळ केलं. कपड्यांची पेटी, भिंतीवरची खुंटाळी, आरशाची चौकट, आणि दोन वर्षांनी आमचाही पलंग. माझी दोन्ही मुलं त्याच पलंगावर झाली. पण या सगळ्याआधी मुख्य काम अडलं होतं ते आत्याबाईंपाशी. त्या पलंगावर झोपायलाच तयार नव्हत्या.

"हे का पलंग हाय का मचाण? वावरात नेऊन ठेवा, पाखरं हाकलाले कामी येईन."

पहिले आठ दिवस त्या पलंगाखाली झोपल्या. खाली सावली बरी पडते म्हणाल्या. नंतर दिवे लागल्यावर वर चढायला लागल्या. त्यांच्यासाठी मामाजींनी एक पायरी केली होती, हलकीशी, हाताने सरकवता येणारी. पण दिवसा? दिवसा नाव नाही. पलंग बरोबर दारासमोर मांडलेला, दार वाटेवर उघडणारं. दिवसा त्या पलंगाच्या बाजूला जमिनीवर बसून तूर निवडायच्या. मी मामाजींना म्हटलं, तुम्ही सांगत का नाही? ते म्हणाले, "पलंग करणं माहं काम होतं. झोपणं तिचं हाय. मी हुकूम केला तं मंग पाटलात अन् माह्यात फरक काय?"

पण या माणसाचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. पलंगाची कीर्ती नाकेदाराने दारव्ह्यापर्यंत नेली होती. पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि शहरातून आणलेला पलंग ओल्या लाकडाचा निघून तडकला होता. पाटलांचा गडी आमच्या दारी आला. मालकांनी बोलावलंय. मामाजी म्हणाले, "ज्याले पलंग पाह्यजे त्यानं यावं." गडी दुसऱ्यांदा आला. पुन्हा तेच उत्तर. माझा जीव घाबरला, पण मामाजी रंधा मारत गुणगुणत होते.

त्याच आठवड्यात आत्याबाईंना हिवताप भरला. अंग नुसतं भाजत होतं. भरदुपारी मी त्यांना धरून पलंगावर चढवलं, त्यांना विरोध करायचं भानही नव्हतं. वर वाकळ घातली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मामाजी दाराशी अंगणात फळी तासत बसले होते.

आणि वाटेवर जोडे करकरले.

मी मान वळवून पाहिलं. स्वतः पाटील, हातात काठी. ते मामाजींना पूर्वी नावाला 'या' लावून हाक मारायचे. छप्पननंतर त्यांनी हाक मारणंच सोडलं होतं, कारण 'अरे' म्हणायची हिंमत नव्हती आणि 'अहो' म्हणायला जीभ वळत नव्हती. ते दारात येऊन नुसते खाकरले.

आत्याबाईंचे डोळे उघडले. तापातला माणूस, पण हात आधी पदराकडे गेला. मग एक पाय पलंगावरून खाली आला. मग दुसरा. मामाजींचा हात फळीवर थांबला, पण ते उठले नाहीत. आत्याबाईंचे दोन्ही पाय हवेत लोंबकळत होते, जमीन सापडत नव्हती.

"पायरी दे व बाई," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

पायरी माझ्या पायाशीच होती. मी ती टाचेने हळूच पलंगाखाली सारली.

त्यांनी ते पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, दारातल्या पाटलांकडे पाहिलं, अंगणात मान खाली घालून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी एक मोठा उसासा सोडला, एक पाय वर घेतला, दुसरा वर घेतला, वाकळ गळ्यापर्यंत ओढली आणि आडव्या झाल्या.

"मले ताप हाय पाटील. उद्या या."

पाटील उंबऱ्याबाहेर उभे. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, काठी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "बरं." आणि आल्या वाटेने परत गेले. जोड्यांचा आवाज बंद झाला.

मग मामाजी उभे राहिले आणि अशा आवाजात ओरडले की चार घरं पलीकडच्या बायका धावत आल्या. "सूनबाई, चहा टाक! गुळाचा नोको, साखरेचा टाक! साऱ्या वस्तीले टाक!" अंगणात ते हातवारे करून नाचायला लागले, पासष्टीचा माणूस, मिशांना भुसा लागलेला. मी हसत होते आणि रडत होते. इतका अभिमान मला माझ्या मुलांच्या निकालाचाही पुढे कधी वाटला नाही.

"हा बुढा येडा झाला," आत्याबाई डोळे मिटून म्हणाल्या, "त्याले म्हणा, हळू. झोपू दे मले."

दुसऱ्या दिवशी पाटील आले. आत्याबाईंचा ताप उतरला होता. त्या पलंगावर बसून बशीतला चहा फुंकून फुंकून पीत होत्या. पाटील दारात उभे राहून मुलीच्या पलंगाचं बोलत राहिले, आणि त्या शेवटच्या घोटापर्यंत बसूनच राहिल्या.